मोडण्यासाठीं सजविलेली मोटार

नवी मोटार घेणाऱ्या गृहस्थाच्या मनांत पहिले कांहीं महिने सारखी धास्ती असते. गल्लींतल्या पोरांचा चेंडू, फाटकाचा खांब, रस्त्यांत आडवी बसलेली म्हैस, हीं सारीं आपल्या गाडीच्या चकचकीत रंगावर टपून आहेत असें त्याला वाटतें. अशा गृहस्थाला कोणीं सांगितलें कीं, एका देशांत माणसें आठवडेच्या आठवडे खपून एक मोटार सिद्ध करतात, ती मैदानांत नेतात आणि पाव-अर्ध्या तासांत तिचा चक्काचूर करून घेतात, तर तो सांगणाराच्याच शहाणपणाविषयीं शंका घेईल. पण हा खेळ खरा आहे. अमेरिकेंतील गांवोगांवच्या जत्रांतून तो दर उन्हाळ्यांत होतो, आणि त्याला ‘डिमॉलिशन डर्बी’ म्हणतात. इंग्लंडांत एप्सम येथें १७८० सालीं सुरू झालेल्या घोड्यांच्या शर्यतीला डर्बीच्या उमरावाचें नांव मिळालें. पुढें तें कोणत्याहि चुरशीच्या सामन्याला लागूं लागलें. या खेळांत घोडाहि नाहीं आणि शर्यतहि नाहीं. नांव मात्र तसेंच राहिलें आहे.

खेळाचा पहिला मान कोणाचा याबद्दल अमेरिकेंत वाद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोटारी स्वस्तांत मिळूं लागल्या आणि ठिकठिकाणीं असे सामने झाले. तो लोकप्रिय करण्याचें श्रेय बहुधा लॅरी मेंडेलसन यांना देतात. त्यांनीं १९५८ सालीं न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील आयस्लिप येथील शर्यतीच्या मैदानावर तो भरविला. शर्यतीला येणारे कित्येक प्रेक्षक गाड्यांचा वेग पाहायला येत नसून टकरी पाहायलाच येतात, हें त्यांनीं हेरलें होतें असें सांगतात. हेल्यांच्या आणि एडक्यांच्या टकरींना पूर्वी केवढी गर्दी लोटत असे, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शोधाचें फारसें नवल वाटणार नाहीं.

खेळाचे नियम थोडके आहेत. सिमेंटच्या ठोकळ्यांनीं वा मातीच्या बांधानें वेढलेल्या मैदानांत गाड्या उभ्या करतात. जमीन पाणी मारून चिखलाची केलेली असते, म्हणजे वेग वाढूं नये. इशारा होतांच प्रत्येकानें दुसऱ्यावर आदळावयाचें. टक्कर टाळीत नुसतें फिरत राहिल्यास चालकाला बाद करतात. दर टकरीमध्यें किती अवकाश चालेल याची मर्यादा एखाद्या मिनिटाची, कोठें थोडी अधिक असते. ज्याची गाडी शेवटपर्यंत हालती राहील तो जिंकला. एक मनाई मात्र सर्वत्र कडक असते: चालकाच्या बाजूच्या दारावर जाणूनबुजून आघात करावयाचा नाहीं. तें दार दुरून ओळखूं यावें म्हणून कित्येक ठिकाणीं पांढरें किंवा भडक रंगवितात. शिवाय गाडीवर एक लांकडी काठी उभी केलेली असते. हार मान्य करावयाची झाल्यास चालक ती मोडतो, आणि मग त्याच्यावर कोणीहि चाल करूं नये असा संकेत आहे.

पहिलीं कित्येक वर्षें हा खेळ लांबरुंद, जड, पोलादी गाड्यांचा होता. क्रायस्लर कंपनीची १९६४ ते १९६६ या सालांतली ‘इंपीरियल’ तर इतकी दणकट निघाली कीं पुष्कळ ठिकाणीं तिला बंदीच झाली. पण अशा गाड्या मोडून मोडून संपत आल्या आणि उरलेल्यांना हौशी संग्राहकांनीं भाव आणला. तेव्हां भंगाराच्या भावानें मिळणाऱ्या लहान गाड्यांसाठीं निराळा वर्ग निघाला. शेव्हरोलेची ‘कॅव्हेलियर’, डॉजची ‘निऑन’, फोर्डची ‘एस्कॉर्ट’ अशा चार सिलिंडरांच्या, पुढच्या चाकांना गति देणाऱ्या गाड्या यांत उतरतात. नवशिक्यांचा भरणा याच वर्गांत अधिक. कांहीं जत्रांत तर शाळकरी वयाच्या मुलांनाहि, शेजारीं वडील माणूस बसवून, लहान गाडी चालवूं देतात. म्हणून गाडीची तयारी नीट झाली आहे कीं नाहीं हा प्रश्न या वर्गांत बक्षिसापुरता राहत नाहीं.

तयारीचा आरंभ जोडण्यानें होत नाहीं, काढण्यानें होतो. सर्व कांचा काढावयाच्या, दिवे काढावयाचे, बाहेरची चमकदार पट्टी अन् पट्टी उचकटावयाची. कांच फोडून दाराच्या पोकळींत टाकणें हा आळशाचा मार्ग. पहिल्याच धक्क्यानें ते तुकडे बाहेर उडतात. आंतून चालकाच्या आसनाखेरीज सारीं आसनें, गालिचा, छताचें अस्तर, म्हणजे पेट घेईल असें जें जें आहे तें बाहेर जातें. टकरीच्या वेळीं फुगून चालकाला वांचविणाऱ्या ज्या हवेच्या पिशव्या असतात, त्याहि येथें नको असतात, कारण येथें पहिल्याच ठोकरीला त्या फुगतील आणि चालकाचे हात सुकाणूवरून उडतील. त्या काढण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडून कांहीं मिनिटें थांबावें लागतें. पिशवी फुगविणारें स्फोटक द्रव्य ज्या विजेनें पेटतें, तिचा थोडा सांठा तार सोडल्यावरहि यंत्रणेंत राहतो.

यानंतरचें काम पेट्रोलच्या टाकीचें, आणि तेंच सर्वांत जोखमीचें. पुष्कळ गाड्यांत ही टाकी मागच्या बाजूला तळाशीं असते, आणि या खेळांत मार द्यावयाचा तो मुख्यतः मागच्या बाजूनें! म्हणून मूळ टाकी काढून तिच्या जागीं कांहीं ग्यालन मावतील एवढीच लहान, भक्कम धातूची टाकी मागच्या आसनाच्या रिकाम्या जागेंत मधोमध बसवितात. ती पोलादी पट्ट्यांनीं तळाला आवळून बांधावयाची, वरून झांकावयाची आणि कोणत्याहि बाजूच्या पत्र्यापासून दूर ठेवावयाची. मूळ टाकी आधींच मागच्या आंसाच्या पुढें, आसनाखालीं असेल, तर कांहीं ठिकाणीं ती तशीच ठेवूं देतात. नव्या धर्तीच्या एंजिनाला पेट्रोल दाबानें पुरवावें लागतें. त्यासाठीं विजेचा पंप लागतो आणि त्याची नळी चालकाजवळून जाते. या नळीचा सांधा सुटला तर तापलेल्या एंजिनाकडे पेट्रोलचा फवाराच जाणार. तेव्हां पंप तत्काळ बंद करणारें बटण चालकाच्या हाताशीं आणि मदतीस धांवणाराच्या नजरेसमोर असावें लागतें. बॅटरीहि पुढच्या भागांतून उचलून शेजारच्या आसनाच्या जागीं, तळाला जखडून आणि रबरानें झांकून ठेवतात. फोर्डच्या कित्येक गाड्यांत धक्का बसतांच पेट्रोल तोडणारी एक कळ मुळांतच असते. रस्त्यावर ती प्राण वांचविते. मैदानांत तिच्यामुळें पहिल्याच टकरीला गाडी बंद पडून चालक उपहासाला पात्र होतो. म्हणून ती वगळतात, आणि तिचें काम हातच्या बटणावर सोंपवितात.

दारें उघडूं नयेत म्हणून सांखळीनें बांधतात किंवा वेल्डिंगनें पक्कीं करतात. एंजिनावरचें झांकण तारेनें अथवा बोल्टांनीं आवळतात, पण त्याला मोठें भोंक पाडून ठेवावें लागतें. आग लागल्यास झांकण उचलण्याला वेळ नसतो. विझविण्याच्या नळीचें तोंड त्या भोंकांतून थेट आंत जातें. समोरच्या कांचेच्या जागीं उभ्या पट्ट्या किंवा जाळी लावतात. वाकलेलें झांकण मागें सरकत येऊन चालकाच्या तोंडावर आदळूं नये, एवढ्यासाठीं ही आडकाठी.

आतां खरा वादाचा भाग येतो. हातीं वेल्डिंगचें यंत्र आलेल्या तरुणाला वाटतें कीं, जितकें लोखंड जोडावें तितकी गाडी अजिंक्य. पुढचा-मागचा भाग पोलादानें असा ताठ करावा कीं वाकणारच नाहीं! हा विचार गणिताच्या पाटीवर तपासून पाहावा. ताशीं २० मैल म्हणजे सेकंदाला सुमारें ९ मीटर. या वेगानें गाडी एका अचल वस्तूवर आदळली आणि तिचें नाक ६० सेंटिमीटर चेपलें, तर आंतल्या माणसावर येणारा नेट त्याच्या वजनाच्या सुमारें ७ पट होतो. तीच गाडी ताठ करून १५ सेंटिमीटरच चेपूं दिली, तर तो २७ पटींवर जातो. लोखंडानें वांचविलेली किंमत मानेला आणि पाठीच्या कण्याला मोजावी लागते. बेला बारेनी या अभियंत्यानें हें ओळखून गाडीचीं दोन्ही टोकें मुद्दाम चेपण्याजोगीं आणि मधली कोठडी मात्र कणखर करण्याची कल्पना मांडली. ती १९५९ सालच्या मर्सिडीज गाडीत प्रथम उतरली. डर्बीच्या जाणत्या पंचांचे नियमहि अजाणतां तेंच तत्त्व पाळतात: चालकाभोंवतीं, म्हणजे पाठीमागें, दाराला आणि डोक्यावर, पोलादी दांडे लावण्यास मुभा, पण बंपरापर्यंत सांगाडा मजबूत करण्यास बहुधा मनाई. हौशी चालक या मनाईवर कुरकुरतात. त्यांची कुरकुर व्यर्थ आहे.

लहान गाडीचें मर्मस्थान तिच्या पुढच्या चाकांशीं असतें. एंजिन, गिअर, सुकाणूचे दांडे आणि चाकांना गति देणारे आंस, सारा संसार नाकाच्या दोन-तीन फुटांत कोंबलेला. चाकावर एक तिरपा तडाखा बसला कीं सुकाणूचा दांडा वाकतो किंवा आंसाचा सांधा निखळतो, आणि बाकीची गाडी धड असून जागच्या जागीं चाक फिरवीत बसते. दुसरें मर्म रेडिएटर. त्यांत साधें पाणीच भरण्याचा नियम असतो, कारण थंडींत गोठूं नये म्हणून घालण्याचें द्रव्य मैदानांत सांडलें तर जमीन विषारी होते. रेडिएटर फुटल्यावरहि एंजिन कांहीं मिनिटें धुमसत चालतें. तेवढ्यांत डाव उरकला तर ठीक. म्हणूनच अनुभवी माणूस उलट्या गतीनें गाडी हांकतो, मान वळवून मागें पाहतो आणि डिकीच्या बाजूनें दुसऱ्याच्या पुढच्या चाकावर मार देतो. पण मान वळलेली असतांनाच समोरून दणका बसला तर ती मुरगळते, म्हणून टक्कर अटळ दिसतांच डोकें आसनाला टेकवून सरळ धरण्याची संवय आधींपासून करावी लागते. डोक्याला टोप, छातीवरून पट्टा, अंगांत आगीला दाद न देणारे कपडे, याबद्दल तडजोड नसते.

सामन्याच्या दिवशीं पंच प्रत्येक गाडीखालीं वाकून पाहतात, झाकलेल्या जोडांवर पाना मारून नाद ऐकतात, सांगाड्याला भोंक पाडून आंत लोखंड भरलें आहे कीं काय तें बघतात. एखादी पट्टी जास्त सांपडली तर ती तेथेंच कापावयास लावतात. न ऐकणारा परत जातो. मग रात्रीपर्यंत चिखल, धूर आणि लोकांचा आरडाओरडा. सामना संपल्यावर ओढगाडी येऊन सांपळे एका बाजूला ओढते. ज्यांचें एंजिन शाबूत राहिलें ते त्याच रात्रीं बोल्ट सोडूं लागतात, कारण पुढच्या जत्रेसाठीं दुसरी ‘कॅव्हेलियर’ अंगणांत आधींच उभी असते. उरलेला पत्रा सकाळीं वजनावर भंगारवाल्याकडे जातो.