बाण लागला, पण रक्त कुठंय?

बाण सुटला. हरणाच्या कुशीत लागला. हरीण दचकून उधळलं आणि कळपासकट झुडपांत दिसेनासं झालं. सिनेमात असतं तर शिकारी आरडाओरडा करत मागे धावले असते. पण आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातला सान जमातीचा शिकारी तसलं काही करत नाही. तो सावकाश उठतो, हरीण उभं होतं तिथं जातो आणि वाकून जमीन बघत बसतो.

दोस्तांनो, तुम्हाला वाटेल की तो रक्ताचे थेंब शोधतोय. पण रक्त तिथं जवळजवळ नसतंच! त्याचं कारण त्याच्या बाणात आहे.

सान लोकांचं धनुष्य लहानसं, बेताच्या जोराचं. बाण बोरूसारख्या काडीचा, मागे पिसंसुद्धा नाहीत. असल्या बाणाने गेम्सबॉक किंवा कुडूसारखं दीड-दोनशे किलोंचं हरीण थोडंच मरणार? त्याला मारतं ते विष. गुग्गुळाच्या जातीच्या एका झुडपाखाली, मातीत, एका भुंगेऱ्याच्या अळ्या राहतात. त्या उकरून काढायच्या आणि त्यांच्या अंगातला रस बाणाला लावायचा. तोही अगदी टोकाला नाही, टोकाच्या जरा मागे. कारण या विषावर उतारा नाही. चुकून टोक बोटाला लागलं तर शिकाऱ्याचीच शिकार व्हायची! बाण लागला की काडी गळून पडते, टोक आत राहतं. जखम एवढीशी, त्यामुळे रक्त बाहेर येत नाही. विष मात्र आतल्या आत रक्तातल्या तांबड्या पेशी फोडत राहतं. लहान हरणाला काही तास पुरतात, जिराफाला काही दिवस लागतात. (मग ते मांस खायचं कसं? जखमेभोवतीचा भाग कापून टाकतात. हे विष रक्तात मिसळलं तरच घातक.)

म्हणजे प्राणी मरणार हे नक्की, पण कुठं ते माहीत नाही. तो वेळेवर सापडला नाही, तर तरस आणि सिंह आयतं जेवण जेवतील. हरीण तळमळून मेलं ते फुकटच, आणि वस्तीवरची पोरंबाळं उपाशी.

शिकारी आधी गळालेली काडी उचलतो. टोक आत राहिलंय ना, याची खात्री करतो. मग त्या एका हरणाच्या खुरांचा ठसा डोळ्यांत साठवतो. खूर रुंद की निमुळता, कड कुठं झिजली आहे, पाऊल किती लांब पडतं. कळपातल्या बाकीच्या ठशांतून त्याला तो पुन्हा ओळखायचा असतो. तुम्ही नाही का, वह्यांच्या गठ्ठ्यातून मित्राचं अक्षर बरोबर ओळखता!

आणि मग? मग तो पुष्कळदा चक्क घरी जातो! पाठलाग झाला तर हरीण आणखी लांब पळेल. त्यापेक्षा त्याला दमू द्यावं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं-तिघं निघतात. कोवळं ऊन तिरपं पडतं, ठशात सावली भरते आणि ठसा उठून दिसतो. चालायचं ठशांच्या कडेने. ठसा पुसला गेला तर परत येऊन कुठून शोधणार? रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ खुराच्या ठशावरून गेली असेल, तर हरीण किडा फिरण्याआधी गेलं. पाऊल आखूड पडू लागलं, खुराचं टोक वाळूत घासू लागलं, ठसे कळपापासून वेगळे निघाले, सावलीत बसल्याची खूण दिसली, की समजायचं, विष चढतंय.

खरी गंमत कठीण जमिनीवर. तिथं ठसाच उमटत नाही. तेव्हा शिकारी हरीण होऊन विचार करतो. मी दमलोय, ऊन तापलंय, मी कुठं जाईन? त्या झाडाकडे! मग ते सरळ त्या झाडापुढच्या मऊ वाळूत जाऊन बघतात. ठसा मिळाला तर अंदाज बरोबर. नाही मिळाला तर शेवटच्या पक्क्या ठशापाशी परत, आणि पुन्हा नवा अंदाज. वाद होतात, तरणा पोरगाही म्हाताऱ्याला 'चुकलात' म्हणतो. दक्षिण आफ्रिकेचे लुई लीबेनबर्ग यांनी १९९० साली एक पुस्तकच लिहिलं, की अंदाज बांधायचा आणि तपासून बघायचा ही विज्ञानाची रीत माणूस अशी माग काढतानाच शिकला असावा. मला तरी हे पटतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. नामिबियातल्या न्याय न्याय भागात मात्र सानांना धनुष्यबाणाने शिकारीची परवानगी आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांची शिकार बंद झाली. तिथं मुलांना ठसे शिकवणार कोण आणि कशासाठी?

२०१३ साली न्याय न्यायकडच्या तिघा माग काढणाऱ्यांना शास्त्रज्ञांनी थेट फ्रान्सला बोलावलं. तिथल्या एका गुहेत सुमारे १७ हजार वर्षांपूर्वीचे, नुसत्या टाचांचे ठसे आहेत. हा कसला तरी धार्मिक नाच असावा, असं विद्वान म्हणत आले होते. तिघांनी दिव्याच्या उजेडात ठसे निरखले, आपसांत चर्चा केली आणि सांगितलं, नाच नाही. दोन माणसं होती, खड्ड्यातली चिकणमाती काढून नेत होती.