शैक्षणिक शिबिरासाठी लिथियम बॅटरीची क्षमतानिश्चिती : पाचगणी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्यातील पाचगणी, महाबळेश्वर, कास पठार आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठचे तापोळा हा परिसर भूगोल, वनस्पतिशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विषयांच्या क्षेत्रभेटींसाठी महाविद्यालयांच्या परिचयाचा आहे. जांभा खडकाची पठारे, कृष्णेचे खोरे आणि पावसाळ्याच्या अखेरीस फुलणारी वनस्पतिसृष्टी येथे एका मुक्कामात अभ्यासता येते. महाबळेश्वर-पाचगणी क्षेत्र २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाले, तर २०१२ साली कास पठाराचा समावेश पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत झाला. अशा ठिकाणी तंबूतील मुक्कामाच्या विजेसाठी डिझेल जनित्र नेणे आवाज, धूर व तेलगळती या तिन्ही कारणांनी अयोग्य ठरते. त्यामुळे अलीकडे अनेक शिबिरांत लिथियम बॅटरीचा स्वीकार होत आहे.

तथापि बॅटरी 'किती मोठी' घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर किंवा अंदाजावर सोडले जाते. अंदाज कमी पडल्यास दुसऱ्या रात्री छावणी अंधारात जाते. अधिक झाल्यास महाविद्यालयाचा निधी आणि विद्यार्थ्यांचे श्रम व्यर्थ जातात. प्रस्तुत लेखात ही निवड साध्या अंकगणिताने कशी करता येते, हे एका कल्पित शिबिराच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे.

लिथियम बॅटरीचे स्वरूप :

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणली. या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. छावणीच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला लिथियम-आयर्न-फॉस्फेट हा प्रकार गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आला. त्यासंबंधीचा मूळ शोधनिबंध १९९७ सालचा असून त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी हे होत.

मोबाइल संचातील कोबाल्टयुक्त घटांच्या तुलनेत फॉस्फेट घट त्याच ऊर्जेसाठी काहीसा जड असतो. परंतु तो अधिक तापमानापर्यंत स्थिर राहतो आणि योग्य वापरात दोन हजार किंवा त्याहून अधिक आवर्तने टिकतो. याचा अर्थ तो कधीच पेट घेत नाही असा नव्हे; धोका कमी आहे, एवढेच. एका घटाचे विभवांतर ३.२ व्होल्ट असते. असे चार घट एकसर जोडणीत जोडले की १२.८ व्होल्टची बॅटरी तयार होते. बाजारात तिलाच '१२ व्होल्टची बॅटरी' म्हणतात.

एकक कोणते मानावे? :

बॅटरीवर क्षमता सामान्यतः अँपिअर-तासांत छापलेली असते. परंतु हे एकक विभवांतर सांगितल्याशिवाय अपुरे आहे. खिशातील पॉवर बँकेवर '२०,००० मिलीअँपिअर-तास' असे लिहिलेले असते, म्हणजे २० अँपिअर-तास. हा आकडा आतील घटाच्या ३.७ व्होल्टशी संबंधित असल्याने प्रत्यक्ष ऊर्जा २० × ३.७ = ७४ वॅट-तास भरते. याउलट १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १२.८ × १०० = १,२८० वॅट-तास ऊर्जा असते. केवळ अँपिअर-तास पाहणाऱ्याला दुसरी बॅटरी पहिलीच्या पाचपट वाटेल. वस्तुतः ती सतरा पटींहून मोठी आहे. म्हणून सर्व हिशोब वॅट-तासांतच करावा.

विद्युत्भाराचे मोजमाप :

तीस विद्यार्थी व तीन प्राध्यापक यांचे दोन रात्रींचे शिबिर पाचगणीनजीक, परवानगी असलेल्या खाजगी जागेत भरले आहे, असे गृहीत धरू. त्याची एका दिवसाची गरज पुढीलप्रमाणे मांडता येईल.

तक्ता क्र. १ : दैनंदिन विद्युत्भार
१) तंबू व भोजनस्थळाचे ६ एलईडी दिवे, प्रत्येकी ७ वॅट, ५ तास : २१० वॅट-तास
२) स्वच्छतागृहाच्या वाटेवरील २ दिवे, प्रत्येकी ३ वॅट, १० तास : ६० वॅट-तास
३) १२ मोबाइल संच, प्रत्येकी २० वॅट-तास : २४० वॅट-तास
४) ध्वनिवर्धक, २० वॅट, २ तास : ४० वॅट-तास
५) २ लॅपटॉप, प्रत्येकी ५० वॅट, २ तास : २०० वॅट-तास
६) लहान प्रोजेक्टर, १०० वॅट, दीड तास : १५० वॅट-तास
एकूण : ९०० वॅट-तास

यांपैकी पहिल्या चार बाबी, म्हणजे ५५० वॅट-तास, बॅटरीच्या एकदिश प्रवाहावरच चालवता येतात. लॅपटॉप व प्रोजेक्टर यांना इन्व्हर्टर लागतो. एकदिश जोडणीतील रूपांतरात सुमारे १० टक्के आणि इन्व्हर्टरमध्ये सुमारे १५ टक्के ऊर्जा वाया जाते, असे मानल्यास ५५० ÷ ०.९ = ६११ व ३५० ÷ ०.८५ = ४१२, अशी १,०२३ वॅट-तासांची गरज निघते.

येथे एक बाब सहसा विसरली जाते. इन्व्हर्टर काहीही चालवत नसतानाही स्वतःसाठी वीज घेतो. ही मात्रा १० वॅट धरली, तर तो दिवसरात्र चालू ठेवल्यास २४० वॅट-तास, म्हणजे सर्व तंबूंच्या दिव्यांहून अधिक ऊर्जा निष्कारण खर्च होते. केवळ आवश्यक चार तास चालू ठेवल्यास हा खर्च ४० वॅट-तास राहतो. तो मिळवून दिवसाची एकूण गरज १,०६३ आणि दोन दिवसांची २,१२६ वॅट-तास होते.

क्षमतेची निश्चिती :

बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिच्या आयुष्याला हितावह नसते आणि छावणीत शिल्लक शून्यावर आणणे शहाणपणाचेही नसते. छापील क्षमतेच्या ८० टक्केच वापरायचे ठरवल्यास २,१२६ ÷ ०.८ = २,६५८ वॅट-तास, म्हणजेच १२.८ व्होल्टवर सुमारे २०८ अँपिअर-तास क्षमता लागेल.

शंभर अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांतून ८० टक्के मर्यादेत २,०४८ वॅट-तास मिळतात. म्हणजे ७८ वॅट-तास कमी पडतात. एवढ्यासाठी तिसरी बॅटरी घेण्याची गरज नाही. एका संध्याकाळी प्रोजेक्टर न लावल्यास १७६ वॅट-तास वाचतात आणि हिशोब जुळतो. क्षमता खरेदीने जशी वाढते, तशी शिस्तीनेही वाढते. उलटपक्षी बारांऐवजी सर्व ३३ जणांचे मोबाइल रोज चार्ज करण्याची मुभा दिल्यास दिवसाचा खर्च ४६७ वॅट-तासांनी वाढतो. म्हणजे बॅटरीचा आकार ठरवणारा खरा निर्णय दुकानात नव्हे, तर शिबिराच्या नियोजन बैठकीत होतो.

हीच गरज शिसे-आम्ल बॅटरीने भागवायची झाल्यास ५० टक्केच ऊर्जा वापरणे इष्ट असल्याने १२ व्होल्टवर सुमारे ३५४ अँपिअर-तास क्षमता लागेल आणि वजन शंभर किलोच्या पुढे जाईल. दोन लिथियम बॅटऱ्यांचे वजन मात्र साधारणतः पंचवीस किलो भरते. पसरणी घाटापर्यंत वाहन वजन वाहते. रस्त्यापासून तंबूपर्यंत ते विद्यार्थ्यांच्या खांद्यावर असते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

ऊर्जा आणि शक्ती यांतील भेद :

पुरेशी ऊर्जा असूनही छावणी अंधारात जाऊ शकते. समजा, पहाटेच्या थंडीत कोणी १,५०० वॅटची विजेवरील किटली इन्व्हर्टरला जोडली. त्यासाठी बॅटरीतून १,५०० ÷ ०.८५ ÷ १२.८ = १३८ अँपिअर प्रवाह खेचला जाईल. शंभर अँपिअरची मर्यादा असलेली संरक्षक यंत्रणा त्याच क्षणी बॅटरी बंद करील. म्हणून बॅटरी निवडताना क्षमतेबरोबरच अखंड प्रवाहाची कमाल मर्यादाही पाहावी.

ऊर्जेच्या दृष्टीनेही किटली परवडत नाही. पाचगणीची उंची सुमारे १,३०० मीटर असल्याने तेथे पाणी साधारण ९५ ते ९६ अंश सेल्सिअसला उकळते. वीस अंशांवरील एक लिटर पाणी उकळण्यास ८७ वॅट-तास आणि किटली व इन्व्हर्टरमधील ऱ्हास धरता ११५ ते १२० वॅट-तास लागतात. प्रत्येकी १०० मिलिलिटर या मानाने ३३ जणांचा एक वेळचा चहा दिवसाच्या विजेतील एक तृतीयांशाहून अधिक वाटा घेईल. उष्णता निर्माण करणारी कामे गॅस शेगडीवर आणि प्रकाश व संपर्काची कामे बॅटरीवर, ही विभागणी त्यामुळे अपरिहार्य ठरते.

सौर पॅनेल आणि ऋतुमान :

सौर पॅनेल सोबत असल्यास लहान बॅटरी पुरेल, असा युक्तिवाद केला जातो. हिवाळ्यात तो अंशतः खरा आहे. २०० वॅटचे पॅनेल, पाच तासांचे परिणामकारक ऊन आणि ७० टक्के कार्यक्षमता गृहीत धरल्यास दिवसाला ७०० वॅट-तास मिळतात. मात्र दोन रात्रींच्या शिबिरात पोहोचण्याचा व निघण्याचा दिवस वगळता पूर्ण उन्हाचा एकच दिवस हाती येतो. गरज २,१२६ वरून १,४२६ वॅट-तासांवर येते आणि सुमारे १४० अँपिअर-तासांची बॅटरी पुरते. सात दिवसांच्या राष्ट्रीय सेवा योजना शिबिरात मात्र उन्हाचे दिवस अधिक असल्याने पॅनेलचे महत्त्व वाढते.

परंतु वनस्पतिशास्त्राची क्षेत्रभेट हिवाळ्यात निघत नाही. कासची फुले ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या प्रारंभी बहरतात आणि त्याच काळात आकाश ढगांनी व पठार धुक्याने वेढलेले असते. ज्या ऋतूत पठार अभ्यासकाला बोलावते, त्याच ऋतूत सूर्य दडी मारतो. अशा वेळी पॅनेलपासून मिळणारी ऊर्जा शून्य मानूनच बॅटरी निवडावी. जे मिळेल ते अधिकचे समजावे.

राखीव साठ्याचे महत्त्व :

जुलै २०२१ मधील अतिवृष्टीत महाबळेश्वर येथे २४ तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि महाबळेश्वर-पोलादपूर मार्गावरील आंबेनळी घाट दरडींमुळे बंद पडला. घाटमाथ्यावरील मुक्काम ठरल्यापेक्षा लांबू शकतो, हे गृहीत धरणे हा म्हणूनच नियोजनाचा भाग आहे.

वर न वापरलेले २० टक्के, म्हणजे ५१२ वॅट-तास, याच प्रसंगासाठी आहेत. वाटेवरील दोन दिवे आणि पाच मोबाइल संच एवढाच भार ठेवल्यास दिवसाला सुमारे १७८ वॅट-तास पुरतात. म्हणजे हा साठा आणखी दोन दिवस प्रकाश व संपर्क टिकवू शकतो. एखाद्या विद्यार्थ्यास सर्पदंश झाला किंवा ताप चढला, तर रुग्णवाहिकेशी बोलणारा फोन चालू असणे हीच त्या बॅटरीची खरी किंमत असते. प्रोजेक्टरसाठी हा साठा वापरला जाणार नाही, हे शिबिरप्रमुखाने आधीच निश्चित करावे.

निगा व सुरक्षितता :

लिथियम-फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये. पाचगणीच्या हवामानात हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. उन्हाळ्यात बंद वाहनात ठेवलेली बॅटरी तापणे ही अधिक संभाव्य अडचण आहे. धुके व ओल यांपासून बचावासाठी ती जमिनीवर न ठेवता फळीवर, झोपण्याच्या तंबूबाहेर, आच्छादनाखाली ठेवावी. बॅटरीलगत योग्य फ्यूज बसवावा आणि जाड तारा वापराव्यात. दोन बॅटऱ्या समांतर जोडताना त्या एकाच बनावटीच्या व वयाच्या असाव्यात आणि जोडण्यापूर्वी दोन्ही पूर्ण चार्ज कराव्यात.

छापील क्षमता आणि प्रत्यक्ष क्षमता यांची पडताळणी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. पूर्ण चार्ज केलेल्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर १०० वॅटचा एकदिश भार ठेवल्यास ती सुमारे पावणेतेरा तास चालावयास हवी. नऊच तासांत थांबल्यास तिच्यात ९०० वॅट-तासच उरले आहेत, असे समजावे. दरवर्षी शिबिरापूर्वी ही चाचणी घेतल्यास जुन्या बॅटरीवर विसंबण्याचा धोका टळतो. निकामी बॅटरी भंगारात न देता, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार अधिकृत संकलनाकडे सोपवावी.

समारोप :

बॅटरीची योग्य क्षमता ही दैनंदिन भार, रूपांतरातील ऱ्हास, मुक्कामाचे दिवस, ऋतू आणि राखीव साठा या पाच बाबींवरून ठरते. प्रस्तुत उदाहरणातील शिबिरास १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तास क्षमता पावसाळ्यातही पुरेशी आहे. परंतु हे उत्तर इतर शिबिरांनी जसेच्या तसे स्वीकारू नये. तक्ता क्र. १ मधील आकडे प्रत्येक विभागाने आपल्या गरजेनुसार बदलावेत आणि शक्य तर हा हिशोब विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. आपल्या वाट्याला किती वीज आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो ती जपून वापरतो. संवेदनशील पठारावर पाऊल ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने शिकावयाचा हा पहिला धडा ठरावा.