पवनार : पांढरीखालचं प्रवरपूर

आमच्या देवळीहून पवनार काही लांब नाही. यवतमाळकडचा रस्ता देवळीवरून वर्ध्याला जातो, ते अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदी लागते. लहानपणापासून मी तिथे जात आलो. १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्याला जायचं, आश्रमात डोकं टेकवायचं, नदीतल्या खडकांवर बसून शिदोरी सोडायची आणि घरी परतायचं. पवनार पाहणं म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत होती.

एकदा शाळकरी भाचा बरोबर होता. पवनार ही वाकाटकांची राजधानी, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. नदीकाठी उभा राहून त्याने विचारलं, ‘‘मामा, मग राजधानी कुठे आहे?’’ मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पाणी होतं, खडक होते, पलीकडे गाव होतं. राजवाडा नव्हता, तट नव्हता, देवळाचं शिखर नव्हतं. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. पुढे जे वाचलं, पाहिलं, ते आज सांगतो.

वाकाटक हे विदर्भाचं मोठं राजघराणं. त्यांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला होती; दुसरी नंदिवर्धनला, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनला. या दुसऱ्या शाखेत गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता सून म्हणून आली. पती रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान होती, तेव्हा राज्याचा कारभार तिने स्वतः पाहिला. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन हा पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला राजा. त्याचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून दिलेले आहेत. पण अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेला, राज्याच्या अठराव्या वर्षातला ताम्रपट प्रवरपुराहून दिलेला आहे. म्हणजे मधल्या काळात राजाने आपल्या नावाचं नवं नगर वसवलं आणि राजधानी तिथे नेली.

हे प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. त्यांच्या हाती मोठा पुरावा होता तो इथे मिळालेल्या शिल्पांचा. प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य आहे आणि त्याचा विषय रामकथा. पवनारच्या शिल्पपटांतही मिराशींना रामकथेतलेच प्रसंग दिसले. तेव्हा रामाचं मंदिर बांधणाऱ्या राजाची राजधानी हीच, असा त्यांचा युक्तिवाद.

ही शिल्पं मिळाली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. प्रकृती ढासळल्यामुळे विनोबा १९३८ साली पवनारला राहायला आले. धामच्या पलीकडची जागा म्हणून तिला नाव दिलं परंधाम. तिथे जमीन खणताना दगडी शिल्पं निघाली. त्यांतल्या एकात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना, या भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती बहार होईल, असं ते म्हणाले होते. ते शिल्प आज आश्रमाच्या भरत-राम मंदिरात आहे. बाकीची शिल्पंही आश्रमातच जपून ठेवलेली आहेत.

पण मंडळी, इतिहासात शेवटचा शब्द कुणाचाच नसतो. पुढच्या काही अभ्यासकांनी याच शिल्पांत रामकथा नव्हे, कृष्णचरित्र पाहिलं. शिवाय १९९० च्या दशकाच्या अखेरीस रामटेकजवळच्या मनसरला उत्खनन सुरू झालं. तिथे भव्य वास्तूचे अवशेष निघाले, ‘प्रवरेश्वर’ नाव असलेली मुद्राही मिळाली. तेव्हापासून प्रवरपूर मनसरलाच होतं, असं काही जण म्हणतात. पवनार वाकाटकांचं महत्त्वाचं स्थळ होतं, यावर मात्र फारसं दुमत नाही. आश्रमातल्या शिल्पांसमोर उभं राहताना हे दोन्ही पक्ष मनात ठेवावेत. मग एकेका आकृतीचा हात, तिची मान, तिची नजर आपण जरा जास्त वेळ पाहतो.

आता भाच्याचा प्रश्न. राजधानी दिसत का नाही? शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्याकडे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. मातीची घरं पडतात, त्यांच्यावर नवी उभी राहतात, राख-खापरं साचत जातात आणि पिढ्यान्‌पिढ्या वस्तीचं टेकाड उंच होत जातं. पवनारची पांढरी अशीच आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. सातवाहनांच्याही आधीपासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर त्यात उलगडले. वाकाटक गेले तरी गाव मेलं नाही. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं, हे ठाणं होतं. लोकांनी मात्र लक्षात ठेवला तो पवन राजा. त्याच्याकडे म्हणे परीस होता. शेतसाऱ्यात तो लोखंडी फाळ घ्यायचा आणि त्यांचं सोनं करायचा.

आपल्या काळातही या नदीकाठाने इतिहास पाहिला. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी इथे धामच्या पात्रात विसर्जित झाल्या. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा इथूनच पुढे आले. मार्च १९५१ मध्ये ते इथूनच पायी निघाले आणि तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाचा आरंभ झाला. १९५९ साली इथे स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं.

म्हणून पवनारला जाल तर सकाळी जा. आधी शिल्पं पाहा, मग नदी ओलांडून गावात या. चढ लागला की पांढरीवर आलात असं समजा. इथे लोक राहतात, हे विसरू नका. कुणाच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका. आणि खापराचा तुकडासुद्धा आठवण म्हणून खिशात घालू नका. तो कुठल्या थरात होता यावरून त्याचं वय ठरतं. जागेवरून हलला की तो मुका होतो.

हे मी देवळीकर म्हणून सांगतो, त्याला कारण आहे. आमच्या देवळीत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके ८६२, म्हणजे इ. स. ९४०चा ताम्रपट मिळाला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात ‘नागपुर-नंदिवर्धन’ या प्रदेशाचा उल्लेख आहे. नागपूर हे नाव किती जुनं, हे सांगताना आजही या ताम्रपटाकडेच बोट दाखवतात. तांब्याच्या भावाने तो मोडीत गेला असता तर एका शहराची हजार वर्षांपूर्वीची ओळख भट्टीत वितळली असती.

पाया खणताना, विहीर उपसताना, नांगरताना अशी वस्तू कुणालाही मिळू शकते. १८७८चा निखात निधी कायदा सांगतो, की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवं. पण दंडाच्या भीतीपेक्षा दुसरा विचार मला मोठा वाटतो. प्रवरपूर पवनारचं की मनसरचं, हा वाद अजून मिटलेला नाही. तो मिटवणारा पुरावा उद्या एखाद्या घराच्या पायात निघेल आणि तो वाचायचा की विकायचा, हे त्या घराचा मालक ठरवील.

भाच्याला मी आता उत्तर दिलं आहे. राजधानी लोकांच्या घरांखाली आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)