शाळेतील संगणक-जोडणीचा दोष कसा शोधावा



विद्यार्थ्यांची नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, शाळेची माहिती ही कामे आता संगणकावरून करावी लागतात. अर्जाच्या अखेरच्या दिवशी इंटरनेट बंद पडले, तर नुकसान होते ते मुलाचे. सबब तालुक्याहून जाणता माणूस येईपर्यंत स्वस्थ न बसता शिक्षकाने दोष स्वतः शोधून पाहावा. घरच्या जोडणीसही हीच रीत लागू पडते.

प्रथम साधनांचे कार्य ध्यानी घ्यावे. राउटर बाहेरून आलेली एकच जोडणी सर्व संगणकांत वाटून देतो व प्रत्येकास स्वतंत्र अंकपत्ता नेमून देतो. साधा स्विच पत्ते देत नाही; आतील तारा एकत्र आणून ज्याचा निरोप त्याला पोचविणे एवढेच त्याचे काम. म्हणून बाहेरची तार राउटरला, राउटरची एक तार स्विचला व स्विचच्या तारा संगणकांना, हाच क्रम योग्य होय. बाहेरची तार थेट स्विचमध्ये बसविल्यास बहुधा एकाच संगणकाचे काम चालते व बाकीचे अडून राहतात.

आता दोष कोठवर पसरला आहे ते पाहावे. एकच संगणक बंद असेल, तर त्याची तार तपासावी. स्विचवरील सर्व संगणक बंद, परंतु राउटरच्या वाय-फायवर मोबाइल चालतो, असे असल्यास दोष स्विचमध्ये किंवा राउटर-स्विचमधील तारेत समजावा. ही परीक्षा घेताना मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा. अन्यथा फसगत होते.

नंतर स्विचवरील दिवे पाहावेत. चालू संगणकाच्या तारेजवळचा दिवा लागत नसेल, तर चांगली ठरलेली दुसरी तार लावून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. म्हणजे गुण कशाने आला ते कळते. तांब्याची तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी.

दिवा लागूनही काम होत नसेल, तर संगणकाचा अंकपत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरकडून पत्ता आलेला नाही. पत्ता योग्य असून राउटरचे पान उघडते, पण बाहेरचे काहीच उघडत नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत असतो. तेव्हा सेवा देणाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी.

दोन चुका विशेष टाळाव्यात. एकाच तारेची दोन्ही टोके साध्या स्विचमध्ये बसविल्यास निरोप आतल्या आत फिरत राहतात व सर्वच संगणक अडतात. तसेच जुना राउटर स्विच म्हणून वापरल्यास त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करावे; नाहीतर दोन राउटर वेगवेगळे पत्ते देऊन घोटाळा करतात.

सर्व बंद करून पुन्हा सुरू करावयाचे झाल्यास आधी मोडेम, मग राउटर, मग स्विच व शेवटी संगणक, असा क्रम ठेवावा. रीसेटचे बारीक छिद्र मात्र दाबू नये. त्याने सर्व मांडणी पुसली जाते.

प्रत्येक तारेस चिठ्ठी लावून तिचा नकाशा दप्तरी ठेवावा. वरच्या वर्गातील मुलांनाही तो समजावून द्यावा. कारण शोधून मग उपाय करण्याची सवय त्यांना पुढे सर्वत्र उपयोगी पडेल.