भीमेच्या उगमापर्यंत सायकलीवरून

चिंचवड-चाकणच्या कारखान्यांच्या परिसरात वाढणाऱ्या मुलांस भीमेचा उगम आपण नकाशावर दाखवितो. आमच्या मते तो एकवार सायकलीवरून दाखवावा.

चिंचवड पवनेकाठी वसलेले. नाशिकच्या रस्त्यास लागले म्हणजे मोशीस इंद्रायणी, चाकणापुढे भामा आणि राजगुरुनगरास खुद्द भीमा आडवी येते. पहिल्या तिन्ही नद्यांचे पाणी अखेर भीमेसच मिळते, हा धडा पायांनी गिरविला म्हणजे विसरत नाही. वाटेत चाकणचा संग्रामदुर्ग पाहावा. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या अफाट फौजेस तेथे दीड महिन्याहून अधिक काळ थोपवून धरिले होते. पुढे चासकमानचा जलाशय, वाडा, तळेघर आणि मग भीमाशंकरचे रान. १९८५ सालापासून ते अभयारण्य आहे. आपल्या राज्याचा मानाचा प्राणी जो शेकरू, त्याची घरटी तेथे उंच झाडांवर दिसतात.

वडील मंडळींची धास्ती अनाठायी नव्हे. चाकणचा रस्ता मालमोटारींनी गजबजलेला असतो. म्हणून झुंजूमुंजू होताच निघावे, शिरस्त्राण घालावे, एकामागे एक चालावे. पावसाळ्यात घाट निसरडा व धुक्याने भरलेला. तेव्हा हेमंत ऋतू बरा. जाण्यास एक दिवस व येण्यास एक दिवस द्यावा. मुलांबरोबर मुलींसही अवश्य धाडावे.

अलीकडे आळंदीस इंद्रायणीवर कितीदा तरी फेस तरंगताना दिसला आहे. ज्याने नदीचे निर्मळ मूळ पाहिले, त्यासच हा फेस खुपेल. आणि उद्या कारखान्यांत अधिकारपदी हीच मुले बसावयाची आहेत.