दिव्याखालचा अंधार

दिवाळीच्या रात्री एखाद्या टेकडीवरून शहराकडे पाहावे. हजारो दिवे लुकलुकत असतात. घरे कोठे आहेत हे त्यांवरून कळते. पण घरात माणसे किती, हे काही दिवा सांगत नाही! आकाशातील दीर्घिकांचेही तसेच आहे. विश्वातील द्रव्याच्या सहा भागांपैकी सुमारे पाच भाग प्रकाश देतच नाहीत. मग हे अदृश्य द्रव्य मोजावे कसे?

येथे मदतीला येतो जगातील सर्वांत जुना प्रकाश. १९६४ साली न्यू जर्सीतील होल्मडेल येथे पेन्झियास व विल्सन यांच्या रेडिओ-दुर्बिणीत एक खरखर सतत येऊ लागली. आत बसलेल्या कबुतरांची घाण काढली, तरी ती थांबेना! विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचे असताना निघालेल्या प्रकाशाचा तो अवशेष होता. या शोधाबद्दल दोघांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सुमारे १३८० कोटी वर्षांच्या प्रवासात हा प्रकाश वाटेतल्या द्रव्यामुळे किंचित वाकतो. किती? चंद्रबिंबाच्या रुंदीच्या साधारण बाराव्या हिश्श्याइतका. जुन्या तावदानातून समोरचे गज वेडेवाकडे दिसावेत, तसे या प्रकाशातील ठिपके जरासे विस्कटतात. त्या विस्कटण्यावरून वाटेतल्या सगळ्या द्रव्याचा नकाशा काढता येतो.

परंतु हा नकाशा धूसर असतो, आणि कोणते द्रव्य किती अंतरावर आहे हेही तो सांगत नाही. म्हणून त्याच्याशेजारी दीर्घिकांचा नकाशा ठेवायचा. दोन साक्षीदार एकमेकांना न भेटता एकच हकीकत सांगू लागले, तर न्यायाधीशाचा विश्वास बसतो ना? तसेच हे. दोन्ही नकाशांतील चुका निरनिराळ्या. जुळते ते मात्र खरे.

२००७ साली तिघा संशोधकांनी एका उपग्रहाने टिपलेला हा आदिप्रकाश आणि रेडिओलहरी सोडणाऱ्या दूरच्या दीर्घिका यांची अशी सांगड प्रथम घातली. योगायोगाने इतके जुळण्याचा संभव हजारात एकाहूनही कमी होता.

आता प्रश्न निराळाच आहे. द्रव्याचे पुंजके काळाच्या ओघात अपेक्षेप्रमाणे वाढले काय? दीर्घिकांच्या आकारांवरून केलेल्या काही मोजण्या म्हणतात, थोडे कमीच! तसे ठरले, तर गुरुत्वाकर्षणाचे आपले ज्ञानच तपासावे लागेल. उलट, चिलीतील अटाकामा दुर्बीण व प्लँक उपग्रह यांच्या नकाशांशी दीर्घिका ताडून २०२३ साली जो हिशेब निघाला, तो अपेक्षेशी जुळला. वाद मिटलेला नाही.

दिव्याखाली अंधार, असे आपण म्हणतो. तो अंधार किती, हे मोजण्याचे काम मात्र अखेर एका दूरच्या दिव्यालाच करावे लागले!