सुईदोऱ्याने लिहिलेला इतिहास

भरतकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उशीचा अभ्रा, टेबलक्लॉथ, फार तर रुखवतातली तसबीर येते. पण स्वीडनमधल्या एका बाईंनी सुईदोऱ्याने आपल्या समाजाचा इतिहास लिहिलाय!

ब्रिटा माराकात-लाब्बा हे त्यांचं नाव. जन्म १९५१ चा. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, रेनडिअर पाळणाऱ्या सामी कुटुंबात त्या वाढल्या. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत हा समाज विखुरलेला आहे. नॉर्वेत तर सामी मुलांनी आपली भाषा टाकून नॉर्वेजियन व्हावं, असं कित्येक वर्षं सरकारी धोरणच होतं. मी स्वतः मुलांना शिकवते, म्हणून हे वाचून काळजात चर्र झालं. मुलाची भाषा गेली की आजीची गोष्टही गेलीच ना?

पुढे नॉर्वेतल्या आल्टा नदीवर धरणाचा घाट घातला गेला. पहिल्या आराखड्यात एक अख्खं सामी गाव पाण्याखाली जाणार होतं. गाव वाचलं, धरण मात्र झालंच. १९८१ साली शेकडो पोलिसांनी निदर्शकांना उचलून नेलं. ब्रिटाबाई त्या आंदोलनात होत्या. त्याच वर्षी त्यांनी ‘कावळे’ हे चित्र भरलं. त्यात आकाशातून कावळे उतरतात, आणि जमिनीवर येईपर्यंत त्यांचे पोलीस होतात!

२००३ ते २००७ या काळात त्यांनी ‘हिस्तोर्या’, म्हणजे इतिहास, पुरा केला. उंची जेमतेम ३९ सेंटिमीटर, लांबी मात्र जवळजवळ २४ मीटर! लिननच्या कापडावर मुख्यतः लोकरीने भरलेले रेनडिअरचे कळप, तंबू, देवता, १८५२ चा सामींचा उठाव, सगळं त्यात आहे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो विद्यापीठासाठी केलेली ही पट्टी २०१७ साली जर्मनीत कासेलच्या मोठ्या कलाप्रदर्शनातही मांडली होती.

मैत्रिणींनो, आपल्याला २४ मीटर नको, हातभर मांजरपाट पुरे. सासूबाईंना किंवा आईला त्यांच्या लहानपणचा एखादा प्रसंग विचारा. तो पेन्सिलीने कापडावर रेखून घ्या. धावदोरा आणि उलटी टीप एवढं आलं तरी भागतं. दोरा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा, म्हणजे रंग पक्का की कच्चा ते कळेल. आणि हो, कोपऱ्यात साल आणि आपलं नाव भरायला मात्र विसरायचं नाही!